‘लेखक’ असे लिहिलेला रकाना

पडद्यावर माझी पुस्तिका होती. छत्तीस प्रयोग. आकृत्या माझ्या हातच्या. मुखपृष्ठावर नाव सरांचे.

आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात त्या दिवशी शिक्षकांची कार्यशाळा होती. मुक्त शैक्षणिक साधनांचे एक ऑनलाइन व्यासपीठ आहे. शिक्षकांनी आपले धडे, प्रयोग, आकृत्या तेथे ठेवायच्या आणि ज्याला हव्या त्याने त्या विनामूल्य घ्यायच्या. तेथे खाते कसे उघडायचे, साहित्य कसे चढवायचे, याची ती तोंडओळख होती. नमुना म्हणून सरांनी ही पुस्तिका उघडली होती. सर रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. मी त्याच विभागात प्रयोगशाळा परिचर. एकोणतीस वर्षे. प्रोजेक्टरच्या वायरीत कोणाचा पाय अडकू नये म्हणून मला दाराशी उभे केले होते.

भोरच्या बाजूच्या एका शाळेतल्या बाई उठल्या. सातव्या प्रयोगात जास्वंदीच्या फुलांचे पाणी काढून त्यात धुण्याचा सोडा घालायचा आहे. पुस्तिकेत रंग हिरवा येईल असे लिहिले आहे. त्यांनी वर्गात करून पाहिला तर मळकट पिवळा आला. मुले हसली. सोड्याचे प्रमाण किती घ्यावे, असे त्यांनी विचारले.

सरांना उत्तर माहीत नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग दाराकडे हात केला.

“ते आमच्या ह्यांना विचारा. बाटल्या हेच धुतात, तळाशी काय उरतं ते ह्यांनाच ठाऊक. पुस्तिकेचं टायपिंगही ह्यांनीच केलंय.”

सभागृह हसले. दुष्टपणाने नव्हे. जेवणाआधी लोक हसतात तसे.

मी म्हणालो, सोडा चिमूटभरच घ्यावा, जास्त झाला की पिवळा पडतो. बाईंनी ते वहीत लिहून घेतले. सर माइककडे वळले.

“बघा. आमच्याकडे बाटल्या धुणारासुद्धा रसायनशास्त्र बोलतो.”

टाळ्या झाल्या. त्या माझ्यासाठी होत्या असे सगळ्यांना वाटत होते. मीही हसलो. मान थोडी लववून हसलो. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला अजून क्षमा केलेली नाही.

सरांचे नाव मी येथे लिहीत नाही. भीतीमुळे नव्हे. जेथे ते लिहायला हवे होते तेथे मी लिहिले आहे. ते कसे, तेच सांगायचे आहे.

आम्ही दोघे एकाच वर्षी या महाविद्यालयात लागलो. ते अधिव्याख्याते, मी परिचर. माझे वडील महापालिकेत गटारे साफ करायचे. आमचे आडनाव ऐकले की पुण्यात पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. नुसते ‘अच्छा’ म्हणतात. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी मला पहिल्याच दिवशी सुचवले होते, आडनाव कशाला सांगता, पहिले नाव पुरे, इथे आपण सगळे एकच. मला तो चांगुलपणा वाटला. एकोणतीस वर्षे मी एका नावाचा माणूस म्हणून वावरलो.

सर वेगळे होते, असे मी मानत आलो. नारायण पेठेतल्या त्यांच्या घरी मी कितीदा जेवलो आहे. पाट मांडून, त्यांच्या ताटाशेजारी ताट. मी नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली तेव्हा पुस्तके त्यांनीच दिली. निकालाच्या दिवशी त्यांनी पेढे मागवले आणि म्हणाले, “आता नोकरी बदलू नका हं. माझी प्रयोगशाळा बंद पडेल.” सगळे हसले. मी नोकरी बदलली नाही. व्याख्यानांत ते समतेवर फार सुंदर बोलतात. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत असे आणि मला वाटे, हा माणूस माझ्याविषयी बोलतो आहे.

पुस्तिका अशी झाली. आमच्याकडे बारामतीकडची, वेल्ह्याकडची मुले येत. शाळा मराठीतून झालेली. प्रयोगाची छापील वही इंग्रजी. ब्युरेटची काचेची मापनळी हातात धरून मुले उभी राहत. ती कशासाठी धरली आहे ते कळत नसे. विचारायची लाज. मी लहान चिठ्ठ्यांवर मराठीत कृती लिहून रॅकवर चिकटवू लागलो. पुढे ती मुले शिक्षक झाली. त्यांच्या शाळांत प्रयोगशाळाच नव्हत्या. ती फोन करून विचारत, घरच्या वस्तूंत काय करता येईल. मग हळद, चुनखडी, लिंबू, खायचा सोडा, जास्वंद यांत करता येणारे प्रयोग मी जमवू लागलो. चिठ्ठ्यांची वही झाली. टाळेबंदीत महाविद्यालय बंद असताना मी ती वही घरी बसून टाइप केली. एका बोटाने.

सरांना वाचायला दिली. त्यांनी दोन दिवसांत वाचली आणि मला केबिनमध्ये बोलावले. ते खरोखर आनंदले होते. हे मला नाकारता येत नाही. म्हणाले, अशी गोष्ट कपाटात ठेवणे पाप आहे, सगळ्या महाराष्ट्राला मिळाली पाहिजे. या व्यासपीठाचे नाव मी प्रथम त्यांच्या तोंडून ऐकले.

खाते उघडायला मी त्यांच्या संगणकासमोर बसलो, ते शेजारी. पहिले पान उघडले. ‘आपण कोण आहात?’ खाली यादी. शिक्षक, विद्यार्थी, पालक, ग्रंथपाल. परिचर नव्हता.

“तुम्ही यात बसत नाही हो,” सर म्हणाले. “असं करू, माझ्या खात्यातून चढवू. मान्यताही लवकर मिळेल.”

मी खुर्चीतून उठलो नाही. फक्त ते पासवर्ड टाकेपर्यंत मान वळवली. त्यांचे खाते उघडले. शीर्षक लिहिले. विषय, इयत्ता, भाषा. परवाना निवडायचा होता. कोणीही वापरावे, बदलावे, वाटावे. मूळ कर्त्याचे नाव मात्र द्यावे. तो मीच निवडला. मग ‘लेखक’ असा रकाना आला. त्यात सरांचे नाव आधीच भरलेले होते.

मी विचारले, सर, येथे?

“ते आपोआप येतं. नंतर बदलू.”

‘प्रकाशित करा’ हे बटण मी दाबले. माझ्या बोटाने.

आज मला ठाऊक आहे की त्या यादीच्या तळाशी ‘इतर’ असा एक पर्याय होता. यादी थोडी खाली सरकवली असती तर दिसला असता. ‘लेखक’ या रकान्यावर क्लिक करून नाव बदलताही येत होते. मी सरकवली नाही. क्लिक केले नाही. आमच्या प्रयोगशाळेतली प्रत्येक नोंद मी करतो आणि सही विभागप्रमुखांची होते. तुटलेल्या काचेची, आलेल्या आम्लाची, बंद पडलेल्या पंख्याची. लिहिणारा एक, सही दुसऱ्याची. ही पद्धत हातात इतकी मुरली होती की माझी स्वतःची वहीसुद्धा मी सहीसाठीच पुढे केली.

पुढचे काही महिने पुस्तिकेखाली शिक्षकांचे अभिप्राय येत राहिले. सर, आपले उपकार आहेत. सर, मुले वेडी झाली. मी ते दुपारी डबा खाताना फोनवर वाचायचो. चोरून वाचल्यासारखे. नावाचे मी दोनदा विचारले. पहिल्यांदा सर म्हणाले, दुसऱ्या आवृत्तीत. दुसऱ्यांदा म्हणाले, “अहो, तुमचं-माझं काय वेगळं आहे?” मला ते वाक्य इतके आवडले की घरी येऊन पत्नीला सांगितले. ती भाजी निवडत राहिली.

तर कार्यशाळेचा दिवस. टाळ्या संपल्या, जेवणे झाली. सरांनी मला एक फाइल दिली आणि कार्यालयात पोहोचवायला सांगितले. त्यांच्या बढतीचा अर्ज होता. दोरी नीट बांधलेली नव्हती, पुन्हा बांधावी म्हणून मी ती जिन्यात सोडली. वरच माझ्या पुस्तिकेचे मुखपृष्ठ. त्यावर शीर्षक : स्वनिर्मित ई-साहित्य. त्यामागे टाइप केलेले प्रतिज्ञापत्र. हे साहित्य पूर्णतः माझे स्वतःचे असून त्याच्या निर्मितीत अन्य कोणाचाही सहभाग नाही. खाली सही. ती सही मी हजारो नोंदींखाली पाहिली आहे. डोळे मिटून काढून दाखवीन.

अन्य कोणाचाही.

विसरणे मला समजले असते. आळसही समजला असता. हे वाक्य आळसात लिहिले जात नाही.

मी दोरी बांधली. फाइल कार्यालयात दिली. पोचपावतीवर शिक्का घेतला. हेही मी केले, ते लपवत नाही. पाय नेतील तिकडे मी गेलो आणि पाय कार्यालयाकडेच गेले.

मग प्रयोगशाळेत परत आलो. बाके रिकामी होती. कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर ते व्यासपीठ उघडले. आपण कोण आहात? यादी खाली सरकवली. ‘इतर’. पुढे नाव मागितले. मी पहिले नाव लिहिले, वडिलांचे लिहिले आणि मग आडनाव लिहिले. हात थांबला नाही याचे मला आश्चर्य वाटले. ईमेलवर एक दुवा आला, तो दाबला आणि खाते सुरू झाले. इतके सोपे होते.

हक्काबाबत हरकत नोंदवण्याचा अर्ज तेथेच होता. मूळ साहित्याचा पुरावा मागत होते. माझ्याकडे वह्या होत्या, चिठ्ठ्या होत्या, टाळेबंदीतल्या तारखांच्या फाइली होत्या. भरत गेलो. रागात माणसाचे हात भराभर चालतात. शेवटून दुसरा प्रश्न असा होता : या साहित्याच्या निर्मितीत आणखी कोणाचा सहभाग होता का? असल्यास पूर्ण नाव लिहा.

मी ‘नाही’वर बाण नेला.

आणि तेथेच थांबलो. दीड तासापूर्वी मी हाच शब्द दुसऱ्याच्या सहीच्या वर वाचला होता.

सहभाग होता. मालनबाईंचा होता. त्या आमच्याकडे कंत्राटावर झाडलोट करायला आणि काचेची भांडी विसळायला होत्या. कामावर येण्याआधी त्या मार्केट यार्डातली फुले आणून बिबवेवाडीत हार ओवायच्या. एकदा मला म्हणाल्या होत्या, जास्वंदीने बोटे लाल होतात आणि साबण लावला की हिरवी पडतात, हे तुमच्या त्या कागदासारखंच झालं की. तो कागद म्हणजे लिटमस. सातवा प्रयोग तेथून आला. सातवाच नव्हे. आठवा, बारावा, विसावा. चुन्याची निवळी कशी धरायची, कोणत्या डब्याचे झाकण आम्लाने गंजत नाही, हे त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. पुस्तिकेत मी काय लिहिले होते? ‘स्थानिक पद्धत’. दोन शब्द. दोन वर्षांपूर्वी कंत्राटदार बदलला, मालनबाई यायच्या बंद झाल्या. मी एकदा चौकशी केली असेल. नक्की आठवत नाही, म्हणजे बहुधा केली नसेल.

अर्ज पूर्ण नाव मागत होता. एकोणीस वर्षे आम्ही एका छपराखाली काम केले. मला त्यांचे आडनाव ठाऊक नव्हते.

माझे आडनाव लपवायला लावले गेले, याचे दुःख मी आयुष्यभर जपले. त्यांचे मी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून बिबवेवाडीला गेलो. तीन ठिकाणी विचारल्यावर एका देवळाच्या कोपऱ्यावर त्या सापडल्या. पुढ्यात टोपली, मांडीवर ओले फडके, हातात सुई. मला ओळखले. बसायला पोते सरकवले. मी सगळे सांगितले. सरांनी काय केले, प्रतिज्ञापत्रात काय लिहिले, सभागृहात काय म्हणाले. मी बराच वेळ बोललो. त्या ओवत राहिल्या. मग मी म्हणालो, अर्जात तुमचे पूर्ण नाव हवे आहे.

“एकोणीस वर्सं झाली, भाऊ. आता इचारताय?”

मी मान खाली घातली. म्हणालो, चुकलो.

“तुमच्या सायबानं तुमचं घेतलं तवा तुमाला आमची आठवण झाली. घेतलं नसतं तर?”

 

त्यांनी नाव लगेच सांगितले नाही. म्हणाल्या, आधी काय लिहिलंय ते वाचून दाखवा. न ऐकता अंगठा द्यायची आपली रीत नाही. मी फोनवर पुस्तिका उघडली आणि वाचू लागलो. गिऱ्हाईक आले की थांबायचो. सातव्या प्रयोगात ‘पाकळ्या पंधरा मिनिटे उकळाव्यात’ असे आले तेव्हा त्यांची सुई थांबली.

“उकळायच्या? हे कुणी सांगितलं? मी न्हाई सांगितलं. उकळलं की रंग मरतो. कोमट पाण्यात नुसतं भिजवायचं. पोरांचा पिवळाच येनार की मग.”

भोरच्या बाईंना मी भर सभेत सोड्याचे प्रमाण सांगितले होते. चूक सोड्याची नव्हती. चूक माझी होती. ऐकलेले मी माझ्या ज्ञानाने सुधारून लिहिले होते, आणि ज्यांनी सांगितले त्यांना एकदाही वाचून दाखवले नव्हते. त्यांनी पहिल्याच दिवशी ती चूक पकडली असती.

छत्तीसपैकी अकरा प्रयोगांत त्यांचा हात निघाला. चार ठिकाणी त्यांनी दुरुस्ती सांगितली. ऊन डोक्यावर आले तेव्हा त्यांनी आपली तिन्ही नावे सांगितली, सावकाश, मी लिहितोय की नाही हे बघत. हे सारे मी कधी लिहीन, त्यातही पूर्ण नाव घालू का, असे मी विचारले.

“तुमच्या गोष्टीत नको. तिथं घाला, पुस्तकाच्या वर.”

त्याच दुपारी मी अर्ज पूर्ण केला. सहभागाच्या प्रश्नात त्यांचे नाव लिहिले आणि ते आजवर वगळले गेले होते याला जबाबदार मी आहे, असेही लिहिले. पाठवला.

आठवड्याभरात व्यासपीठाने पुस्तिका तात्पुरती उतरवली आणि महाविद्यालयाला पत्र पाठवले. सरांनी मला बोलावले. केबिनचे दार त्यांनी स्वतः लावले. आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नाहीत.

म्हणाले, गैरसमज झाला आहे. म्हणाले, बढतीची समिती पुढच्या महिन्यात बसते. म्हणाले, तिसऱ्या पानावर ऋणनिर्देश करू, तुमचा आणि त्या बाईंचाही, हवा तर ठळक अक्षरात. त्यासाठी दोन ओळींचा ईमेल पाठवून हरकत मागे घ्यायची. ईमेल त्यांनी लिहूनच ठेवला होता. मी फक्त माझ्या खात्यातून पाठवायचा होता.

 ते खिडकीकडे बघत म्हणाले, “इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी परकं मानलं का हो?”

“नाही, सर. आपलंच मानलंत. म्हणून तर विचारायची गरज वाटली नाही तुम्हाला.”

पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. मग खुर्ची मागे ढकलली.

“पुस्तिका बंद आहे. खेड्यातली मुलं अडलीत. तुमच्या नावाच्या हौसेपायी. विचार करा.”

मी विचार केला. हा वार नेमक्या जागी बसला होता. त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी दिवसांत मी स्वतःला तपासले. ही हौस आहे का? मुलांना कृतीशी काम, कर्त्याशी काय? पण ज्या परवान्यावर ती पुस्तिका मी ठेवली तो सगळे देऊन टाकतो. कागद देतो, आकृत्या देतो, बदलायचा हक्कही देतो. बदल्यात एकच गोष्ट मागतो. तेवढीही ज्याला जड जाते, त्याने मुलांचे नाव पुढे करू नये.

मुले अडली होती हे मात्र खरे होते. म्हणून मी रविवारी बिबवेवाडीला बसू लागलो. तीन रविवारांत आम्ही दोघांनी सगळे प्रयोग पुन्हा तपासले, त्यांच्या दारात करून पाहिले. नवी पुस्तिका माझ्या खात्यातून चढवली. ‘लेखक’ या रकान्यात प्रथम त्यांचे नाव आहे, नंतर माझे. दोन्ही पूर्ण. ती आता सर्वांना खुली आहे. भोरच्या बाईंना मी स्वतः फोन करून सातव्या प्रयोगाबद्दल माफी मागितली.

हरकत मागे घेतलेली नाही. संस्थेने चौकशी समिती नेमली आहे. माझी दुसऱ्या शाखेत बदली होणार, असे कार्यालयातले लोक दबक्या आवाजात सांगतात. जुने सहकारी समोरून आले की फोन काढतात. एकाने विचारले, निवृत्तीला चार वर्षे राहिलीत, कशाला ओढवून घेता? पत्नीने मात्र समितीचे कळले त्या दिवशी भाजी निवडणे थांबवून विचारले, समितीपुढे जाताना कोणता सदरा घालणार.

समिती मला पहिला प्रश्न विचारील तेव्हा मी सरांपासून सुरुवात करणार नाही. मालनबाईंचे मी काय केले ते आधी सांगेन, न विचारता, सगळे. त्यांना वाटेल, हा गळपटला, आता तडजोड होईल. मग बढतीच्या फाइलमधले प्रतिज्ञापत्र मागवायला सांगेन आणि सरांनी काय केले ते सांगेन, तेही सगळे. माझ्या अपराधाने त्यांचा अपराध फिटत नाही. त्यांच्या अपराधाने माझा झाकला जात नाही. मला शिक्षा द्यायची असेल तर द्यावी, मी सही करून ती घेईन. तो दोन ओळींचा ईमेल मी पाठवणार नाही.